अनुक्रमांक सरकला आणि केंद्रांचे पत्तेही

पार्सल स्वीकारणाऱ्या एका कंपनीचं हे प्रकरण. तिची तीनशेच्या वर केंद्रं आहेत. काही स्वतःच्या जागेत, बरीचशी दुसऱ्या कुणाच्या दुकानात एक काउंटर टाकून. जवळजवळ प्रत्येक केंद्राचं गुगल बिझनेस प्रोफाइल (गुगल मॅपवर केंद्राचं नाव, पत्ता, वेळा दाखवणारं पान) जुनं, पडताळणी झालेलं, अभिप्राय आणि फोटो साठलेलं. सुट्ट्यांचा हंगाम तोंडावर आला तेव्हा मुख्य कार्यालयानं ठरवलं की सगळ्या केंद्रांच्या सुट्टीतल्या वेळा एकाच फाइलनं चढवायच्या, आणि त्याच फाइलमधून नुकतीच मंजूर झालेली सहा नवी केंद्रंही टाकून द्यायची. फाइल चढली. एरर शून्य. दोन-तीन दिवसांत बहुतेक केंद्रांचे पत्ते मॅपवर चुकीचे दिसू लागले होते.

मला बोलावलं ते यानंतर.

फाइल कुठून आली

कामकाज विभागाकडे सगळ्या केंद्रांची एक मोठी एक्सेल शीट होती. पहिला कॉलम 'अ. क्र.'. मग नाव, पत्ता, फोन, वेळा, केंद्रप्रमुख, भाडेकरार कधी संपतो, काउंटर कुणाच्या दुकानात आहे, असे पुष्कळ कॉलम. शीट नावाच्या वर्णक्रमानं लावलेली, कारण फोन आला की केंद्र पटकन सापडतं. 'अ. क्र.' हातानं टाइप केलेला नव्हता. ओळीच्या क्रमांकातून एक वजा करणारं छोटंसं सूत्र प्रत्येक सेलमध्ये बसवलेलं होतं. मधे ओळ घाला, मधली ओळ काढा, क्रमांक आपोआप नीट लागतात. ज्यानं कुणी ते बसवलं त्यानं कामाची सोयच केली होती.

बऱ्याच केंद्रांची माहिती एकदम चढवायला गुगल एक कोरी, साचेबद्ध फाइल देतं. या टेम्प्लेटमध्येही पहिला कॉलम असतो, 'स्टोअर कोड'. काही वर्षांपूर्वी केंद्रं पहिल्यांदा चढवताना कुणीतरी शीटचा पहिला कॉलम टेम्प्लेटच्या पहिल्या कॉलमला जोडून दिला. तेव्हा काहीही बिघडलं नाही. पहिल्या फाइलला बिघडण्यासारखं काही नसतंच. समोर खातं रिकामं असतं, कुठलाही कोड चालतो.

हा कोड ग्राहकाला कधीच दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. ६४ अक्षरांच्या आत काहीही लिहा, फक्त प्रत्येक केंद्राचा वेगळा हवा. पण दुसऱ्यांदा फाइल चढवता तेव्हा सगळा खेळ त्याच्यावर असतो. ओळीतलं नाव जुन्या नावाशी जुळतं का, पत्ता तोच आहे का, यावरून यंत्रणा ओळख ठरवत नाही. कोड खात्यात आधीपासून असेल तर ओळीतली माहिती म्हणजे त्या प्रोफाइलमधला बदल. कोड अनोळखी असेल तर ते नवं केंद्र. आणि खात्यात असलेला कोड फाइलमध्ये आलाच नाही, तर त्या प्रोफाइलला हात लागत नाही. शीटमधून ओळ उडवली म्हणजे केंद्र मॅपवर बंद झालं, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. बंद झाल्याची खूण वेगळी करावी लागते.

कंपनीत या दोन कामांचे दोन विभाग होते. शीट कामकाजवाल्यांची, अपलोड मार्केटिंगचं. 'अ. क्र.' हे सूत्र आहे हे मार्केटिंगला माहीत नव्हतं, आणि 'अ. क्र.' बाहेर कुठे ओळख म्हणून वापरला जातो हे कामकाज विभागाला माहीत नव्हतं.

काय घडलं

सहा नवी केंद्रं शीटमध्ये आपापल्या वर्णक्रमाच्या जागी घातली गेली. पहिलं नवं केंद्र अनुक्रमांक ४१ वर बसलं. जवळून बघू. आधी कोड ४० वर केंद्र 'ख' होतं, ४१ वर 'ग', ४२ वर 'घ'. 'ख' आणि 'ग' यांच्यामध्ये नवं केंद्र आलं. सूत्रानं आपलं काम केलं: ४१ झालं नवं केंद्र, ४२ झालं 'ग', ४३ झालं 'घ'.

फाइल चढल्यावर यंत्रणेला दिसलं ते असं. कोड ४१चं नाव, पत्ता, फोन बदलला. कोड ४२चंही. ४३चंही. तीनशेच्या पुढचे सहा कोड अनोळखी, म्हणजे सहा नवी केंद्रं. पण ते सहा कोड नव्या केंद्रांचे नव्हतेच. वर्णक्रमात सर्वांत शेवटी येणारी सहा जुनी केंद्रं खाली ढकलली जाऊन त्या कोडांवर पोचली होती. त्यांना कोरी प्रोफाइल मिळाली आणि त्यांची जुनी, अभिप्रायांनी भरलेली प्रोफाइल त्यांच्या वरच्या केंद्रांकडे गेली. खऱ्या नव्या केंद्रांनी मात्र कुणाची तरी वर्षानुवर्षांची कमाई उचलली. अजून शटरही न उघडलेल्या एका केंद्राच्या नावाखाली शेकड्यानं अभिप्राय होते, त्यात एक तक्रार लिफ्ट बंद असल्याची. त्या केंद्राच्या इमारतीला लिफ्टच नाही.

अशा वेळी यंत्रणा दुहेरी नोंद म्हणून तरी ओरडेल असं वाटतं. तीही ओरडली नाही, आणि का नाही हे बघण्यासारखं आहे. प्रत्येक पत्त्यावर बरोबर एकच प्रोफाइल होतं. 'घ'चं जुनं प्रोफाइल 'ग'च्या पत्त्यावर गेलं होतं, 'ग'चं जुनं प्रोफाइल नव्या केंद्राच्या. दोन प्रोफाइल एका जागी कुठेच नव्हती. प्रत्येक फोन नंबर खरा, प्रत्येक पत्ता खरा, प्रत्येक वेळ ठरलेल्या साच्यात. तपासणाऱ्या प्रोग्रामला ओळीत काही खोट दिसावी तरी कशी?

चढवणाऱ्या बाईंनी तपासलं नव्हतं असंही नाही. त्यांनी फाइल चढल्यावर पहिली दहा-बारा केंद्रं मॅपवर उघडून पाहिली होती. सगळी बरोबर. कोड ४० पर्यंत सगळं बरोबरच होतं. वरच्या ओळी तपासायची सवय जवळजवळ प्रत्येकाला असते, आणि मधे ओळ घालण्यातून होणारी चूक नेमकी वर कधीच दिसत नाही.

एक इशारा मात्र पडद्यावर आला होता. चढवण्याआधी यंत्रणा बदलांचा आढावा दाखवते. त्यात सुट्टीच्या वेळांबरोबर दोनशेहून जास्त केंद्रांच्या नाव-पत्त्यातही बदल दिसत होते. सुट्टीच्या वेळा चढवायच्या फाइलमध्ये जुन्या केंद्राचं नाव एकही बदलायला नको. पण लक्ष लाल रंगाकडे होतं आणि लाल काही नव्हतं. मार्केटिंगच्या प्रमुखांनी मला विचारलं, "अहो, पण फाइल तर एरर न देता गेली ना?" हा प्रश्न मी इतक्या ठिकाणी ऐकला आहे की आता त्याचं आश्चर्य वाटत नाही. एरर न येणं म्हणजे फाइलचा साचा यंत्रणेला पटला, एवढंच. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये करोनाच्या रुग्णांची यादी जुन्या एक्सएलएस प्रकारच्या एक्सेल फाइलमधून पुढे जात होती. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपुढे जागा नसते. १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले, आणि फाइल प्रत्येक वेळी सुरळीत पोचत होती.

निदान

पहिला संशय वेगळाच होता, आणि तो चुकीचा का ठरला हे सांगितलं पाहिजे, कारण दोन्ही चुकांची बाहेरून दिसणारी लक्षणं सारखी असतात. शीट बिघडवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एकच कॉलम निवडून सॉर्ट करणं. एक्सेल विचारतं की शेजारचे कॉलमही बरोबर घेऊ का; घाईत नको म्हटलं की नावं एका क्रमात, फोन दुसऱ्या क्रमात. मॅपवर परिणाम तोच: इकडचं तिकडे.

म्हणून आधी मॅप बाजूला ठेवून फक्त शीट पाहिली. कुठलीही वीस-पंचवीस केंद्रं मधूनमधून निवडली आणि ओळीच्या आत सगळं एकमेकांशी जुळतं का ते बघितलं. नावाचा पत्ता तोच, पत्त्याचा पिनकोड तोच, फोन लावला तर त्याच केंद्रात वाजतो. सगळं जुळलं. म्हणजे ओळी शाबूत होत्या. ओळ शाबूत आणि तरी मॅपवर घोटाळा, मग ओळीला लावलेला कोडच हललेला असणार. दुसरं उरतच नाही.

कॉलम सॉर्टचा घोटाळा असता तर दुरुस्ती शीटमध्ये करावी लागली असती. इथे शीटमध्ये एका अर्थानं काहीच चूक नव्हती.

पुढची पायरी म्हणजे चढवण्याच्या आधीची आणि नंतरची स्थिती कोडानुसार शेजारी ठेवणं. चढवण्याआधी खात्यातली माहिती कुणी उतरवून ठेवली नव्हती. (हे जवळपास कुणीच करत नाही. एक बटण दाबायचं असतं.) पण काही महिन्यांपूर्वीची एक उतरवलेली फाइल एका जुन्या मेलला जोडलेली सापडली. ती जुनी फाइल आणि आताची, दोन्ही कोडावरून जोडल्या आणि प्रत्येक कोडासमोर लिहिलं: आता इथे जे केंद्र आहे ते पूर्वी कुठल्या कोडावर होतं, आणि फरक किती.

तो फरकाचा कॉलम वरून खाली वाचला की सगळी गोष्ट समोर येत होती. ४० पर्यंत शून्य, शून्य, शून्य. ४१वर रिकामं, कारण ते केंद्र जुन्या फाइलमध्ये नव्हतंच. मग एक, एक, एक. पुढे आणखी एक रिकामी जागा आणि तिथून दोन, दोन. तसं करत शेवटी सहा. सहा रिकाम्या जागा म्हणजे सहा नवी केंद्रं. ही पायऱ्यांची आकृती दिसली की वाद संपतो. यादृच्छिक गोंधळ अशा पायऱ्या पाडत नाही.

फक्त काही कोडांपाशी पायरी मोडत होती. तिथे केंद्रप्रमुखांनी स्वतःहून हात घातला होता. आपल्या केंद्राचं नाव मॅपवर भलतंच दिसतंय म्हटल्यावर ज्यांच्याकडे अधिकार होते त्यांनी ते फोनवरून दुरुस्त केलं. काहींनी आपल्या पत्त्यावर दिसणारं प्रोफाइल दुरुस्त केलं, काहींनी आपले जुने फोटो असलेलं. दोघांचाही हेतू चांगला, पण दोघांनी निवडलेली प्रोफाइल वेगवेगळी.

मग प्रश्न आला की मुळात कुठलं प्रोफाइल कुणाचं हे शीटवर अवलंबून न राहता कशावरून सांगायचं? जुनी फाइल बहुतेक ठिकाणी पुरली, पण ती महिन्यांपूर्वीची होती. मधल्या काळात दोन केंद्रं जागा बदलून गेली होती. इथे दोन गोष्टी कामी आल्या. एक, प्रोफाइलवरचे ग्राहकांनी टाकलेले फोटो. पाटी, दार, शेजारचं दुकान त्यात दिसतं आणि ते कुणी अपलोड करून बदललेलं नसतं. दुसरी, काउंटरवर चिकटवलेला 'अभिप्राय द्या' असा क्यूआर. तो विशिष्ट प्रोफाइलकडे नेतो आणि त्याला शीटमधल्या क्रमांकाशी काही देणंघेणं नाही. शंका असलेल्या केंद्रांना एवढंच सांगितलं की तुमच्या काउंटरवरचा क्यूआर स्कॅन करा आणि जे नाव उघडेल त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. अर्ध्या दिवसात कुठलं प्रोफाइल कुणाचं ही यादी पुरी झाली.

दुरुस्ती

सगळ्यांना सुचलेला उपाय एकच होता: जुनी फाइल परत चढवा, झालं. तसं केलं असतं तर आणखी एक गुंता झाला असता. जुन्या फाइलमध्ये शेवटचे सहा कोड नव्हते, म्हणून त्या सहा कोऱ्या प्रोफाइलना हात लागला नसता. ती शेवटच्या सहा केंद्रांच्या पत्त्यांवर तशीच राहिली असती, आणि जुन्या कोडांवरून तीच केंद्रं पुन्हा त्याच पत्त्यांवर आली असती. इतके दिवस नसलेल्या दुहेरी नोंदी तेव्हा खरोखर तयार झाल्या असत्या. शिवाय जुनी फाइल महिन्यांपूर्वीची. मधे बदललेले फोन आणि हललेले पत्ते मागे गेले असते.

क्रम असा ठरला. सर्वांत आधी सगळ्यांचं संपादन थांबवलं, केंद्रप्रमुखांना स्पष्ट निरोप गेला की तुमचं केंद्र चुकीचं दिसत असलं तरी हात लावू नका. यावर कुरकुर झाली आणि ती रास्त होती, कारण ग्राहक त्यांच्या दारात येऊन बोलत होते. मग शेपटाकडची सहा कोरी प्रोफाइल काढून टाकली. त्यामुळे शेवटची सहा केंद्रं काही तास मॅपवर कुठेच नव्हती. हे चालवून घ्यायचं की नाही यावर चर्चा झाली. माझं मत होतं की काही तास न दिसणं परवडतं, दुहेरी नोंद म्हणून अडकणं परवडत नाही. मग जुन्या कोडांची यादी घेऊन, पण आजची खरी माहिती भरून, दुरुस्तीची फाइल बनवली. नव्या सहा केंद्रांना सर्वांत मोठ्या जुन्या कोडाच्या बऱ्याच पुढचे क्रमांक दिले आणि मधले, वापरून टाकून दिलेले सहा कोड कायमचे बाद केले.

कोड बदलून 'चांगले' करावेत का, असा एक मुद्दा निघाला. शहराची अक्षरं, मग विभाग, मग क्रमांक, असे वाचता येणारे कोड सगळ्यांना आवडतात. मी नको म्हटलं. फाइलमध्ये कोड बदलला की यंत्रणेच्या लेखी ते नवं केंद्र होतं; जुनं प्रोफाइल टिकवून कोड बदलायचा तर प्रत्येक केंद्राच्या सेटिंगमध्ये जाऊन बदलावा लागतो. तीनशे ठिकाणी हातानं काम म्हणजे पुन्हा चुकीला वाव. आणि अर्थ असलेल्या कोडाची एक अडचण पुढे येतेच: केंद्र दुसऱ्या विभागात गेलं की कोड खोटं बोलायला लागतो आणि कुणाला तरी तो 'सुधारायचा' मोह होतो. १, २, ३ हे कोड म्हणून वाईट नव्हते. ते हलत होते, एवढाच त्यांचा दोष. सूत्र काढून त्याजागी जुन्या फाइलमधले क्रमांक साध्या मूल्यांनी चिकटवले आणि तो कॉलम कुलूपबंद केला. 'अ. क्र.' हवाच असेल तर तो वेगळा ठेवा, सूत्रासकट, खुशाल सरकू दे.

फाइल एकदम चढवली नाही. आधी दहा केंद्रं, आणि ती वरची दहा नव्हेत. प्रत्येक पायरीच्या अलीकडचं एखादं, पलीकडचं एखादं, केंद्रप्रमुखांनी हात लावलेली दोन, अगदी शेवटचं एक. ती मॅपवर नीट दिसल्यावर बाकीची. काही केंद्रांचे बदल लगेच दिसले. काही तपासणीत अडकले. नाव आणि पत्ता दोन्ही पुन्हा बदलताना दिसले की असं होऊ शकतं, आणि काहींना नव्यानं पडताळणी करावी लागली.

अभिप्रायांचं मात्र पूर्ण निस्तरलं नाही. मधल्या दिवसांत ग्राहकांनी ज्या प्रोफाइलवर लिहिलं तिथेच ते राहिलं. एका प्रोफाइलवरचा अभिप्राय उचलून दुसऱ्यावर ठेवायची सोय मालकाच्या हातात नसते. "दिलेल्या पत्त्यावर गेलो तर बंद शटर" अशा अर्थाचे एक-दोन तारे काही चांगल्या केंद्रांच्या वाट्याला आले. त्यांना उत्तरं लिहिली, पत्ता त्या काळात चुकीचा दिसत होता हे सरळ मान्य करून.

शीटमधल्या बाकीच्या गोष्टी

दुरुस्तीच्या निमित्तानं शीट ओळीओळीनं वाचली गेली तेव्हा मुख्य प्रकरणाशी संबंध नसलेलं बरंच काही सापडलं. शून्यानं सुरू होणारे फोन नंबर अर्थातच शून्य गमावून बसले होते. एक्सेल दिसेल त्या आकड्याला संख्या समजतं. हा छंद इतका जुना आहे की मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं २०२० मध्ये 'मार्च१' आणि 'सेप्ट१' सारख्या जनुकांची नावंच बदलल्याचं जाहीर केलं, कारण शीटमध्ये ती तारखा होऊन बसत. आपोआप होणारं हे रूपांतर बंद करायची सोय मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये दिली. तोवर कॉलम आधी 'टेक्स्ट' करून मगच माहिती चिकटवायची, हाच उपाय होता आणि अजूनही तोच सर्वांत भरवशाचा आहे.

अक्षांश-रेखांशांची गोष्ट जास्त रंजक निघाली. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर 'जवळचं केंद्र शोधा' असं पान आहे आणि तेही याच शीटवर चालतं. तिथे पिन थेट अक्षांश-रेखांशावरून लागते. त्या पानावर काही भागातल्या पिना चौकटीच्या वहीवर ठिपके काढावेत तशा सरळ ओळीत दिसत होत्या. केंद्रं काही अशी रांगेत बसत नाहीत. कारण असं की कुणीतरी शीट सुटसुटीत दिसावी म्हणून त्या कॉलमना दोन दशांश स्थळांचं स्वरूप दिलं होतं. शीटमध्ये आत पूर्ण आकडा शाबूत होता. पण सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी खाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, करताना एक्सेल जे पडद्यावर दिसतं तेच लिहितं. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर. दोन दशांश स्थळांवर आकडा थांबला की पिना किलोमीटरभराच्या जाळीच्या गाठींवर जाऊन बसतात. चार स्थळं ठेवली तर चूक दहा-अकरा मीटरच्या आत येते, पाच ठेवली तर दाराशी.

दोन केंद्रांचे अक्षांश आणि रेखांश एकमेकांच्या जागी होते. अक्षांश ९०च्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून रेखांश ९०हून मोठा असेल तर अदलाबदल लगेच पकडली जाते. ९०च्या आत असेल तर दोन्ही आकडे कायदेशीर ठरतात आणि पिन निमूटपणे दुसऱ्या कुठल्या तरी देशात किंवा समुद्रात जाते. जिओजेसन या नकाशाची माहिती साठवायच्या फाइल-प्रकारात मुळातच रेखांश आधी लिहितात, शीटमध्ये बहुधा अक्षांश आधी. एकीकडून दुसरीकडे चिकटवताना हे होतं. आणि दोन्ही खाने रिकामे राहून शून्य-शून्य झाले तर पिन आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात. तसं एक केंद्र होतं.

रिकाम्या खान्याबद्दल एक सांगून पुढे जातो. कॉलमच फाइलमध्ये नसणं आणि कॉलम असून खाना रिकामा असणं, या दोन वेगळ्या सूचना आहेत. पहिलीचा अर्थ 'याला हात लावू नको', दुसरीचा 'इथलं पुसून टाक'. टेम्प्लेटमधले सगळे कॉलम 'असू देत' म्हणून ठेवले की वेबसाइट, वर्णन, जादा फोन असं कुणीतरी वर्षापूर्वी नीट भरलेलं एका झटक्यात जातं. या फाइलमध्ये तसं काही केंद्रांचं वर्णन गेलं होतं; इतर गोंधळात ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

आताची पद्धत

फार काही बदललं नाही, आणि बदलायचं नव्हतं. शीट अजून कामकाज विभागाचीच आहे. चढवायची फाइल मात्र त्या शीटमधून थेट जात नाही. चढवण्याआधी खात्यातली आजची माहिती उतरवायची, नवी फाइल तिच्याशेजारी कोडावरून जोडायची, आणि कुठल्या कोडाचं काय बदलतंय याची यादी काढायची. ती यादी वाचायची. सुट्टीच्या वेळांची फाइल असेल तर नाव, पत्ता, फोन यांतले बदल शून्य असले पाहिजेत. शून्य नसतील तर फाइल चढत नाही. सुट्टीच्या वेळांसाठी आता कोड आणि त्या वेळांचा कॉलम एवढंच असलेली फाइल वापरतात. कोड चुकला तर वेळा चुकतील, पत्ता तरी चुकणार नाही.

एक तपासणी मी आग्रहानं बसवली. प्रत्येक कोडाचं जुनं आणि नवं ठिकाण यांतलं अंतर. दोनशे मीटरच्या पुढे गेलं की त्या ओळीसमोर माणसाची सही लागते. केंद्र हललं असेल तर सही मिळते; कोड हलला असेल तर शीटच्या निम्म्याहून जास्त ओळी एकदम सही मागायला लागतात, आणि तेवढं कुणाच्याही डोळ्यांत भरतं. या प्रकरणातली फाइल या तपासणीपुढे पहिल्याच फेरीत अडकली असती.

दुकानातल्या काउंटरांचा प्रश्न अजून अर्धवट आहे. एकाच पत्त्यावर यजमान दुकानाचं प्रोफाइल आणि कंपनीचं प्रोफाइल, दोन्ही असतात. काही ठिकाणी फोनही यजमानाचाच दिलेला आहे. पत्ता आणि फोन दोन्ही सारखे असले की यंत्रणेला ती एकच जागा वाटण्याची शक्यता वाढते. कंपनीनं अशा काउंटरांना स्वतंत्र नंबर द्यायला सुरुवात केली आहे, पण ते करारावर अवलंबून आहे आणि सगळे यजमान तयार नाहीत.

आणि एक वाद शिल्लक आहे, तो मजेदार म्हणून सांगतो. एक काउंटर एका दुकानातून रस्त्यापलीकडच्या दुकानात गेलं. माणसं तीच, नंबर तोच. कामकाज विभागाच्या हिशेबी करार नवा, म्हणून केंद्र नवं, म्हणून कोड नवा हवा. मार्केटिंगच्या हिशेबी ग्राहक तेच आणि अभिप्राय तेच, म्हणून कोड जुनाच. गुगलचा सल्लाही जागा बदलली तर आहे त्याच प्रोफाइलचा पत्ता बदला असा आहे, त्यामुळे इथे जुना कोड ठेवला. पण त्याच महिन्यात दुसरं एक काउंटर पार गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलं, जुन्या जागी कंपनीनं लगेच दुसरा माणूस बसवला, आणि आता दोन्ही जागा स्वतःला मूळ केंद्र म्हणवतात. तिथे कोड जुन्या जागेकडेच राहू द्यावा असं मी सुचवलं, कारण अभिप्रायांत लोक जिना, पार्किंग आणि शेजारच्या दुकानाबद्दल लिहितात, काउंटरवरच्या माणसाबद्दल फारसं नाही. दुसऱ्या टोकाला गेलेल्या काउंटरवाल्याला हे पटलेलं नाही.